कोठाराची उंची आणि खड्ड्याची खोली

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आहे. या म्हणीत गोठ्याला, वैरणीच्या शेडला किंवा धान्याच्या कोठाराला स्थान नाही. ती कामे सोपी मानली जातात. घरासाठी नकाशा होतो, जाणकारांचा सल्ला घेतला जातो, मुहूर्त पाहिला जातो. शेडसाठी मात्र तालुक्याच्या गावातील कारागिराला दूरध्वनी करून चौरस फुटाचा दर विचारला की नियोजन संपले. कर्जाच्या अर्जासोबत येणारे अंदाजपत्रकही याच वळणाचे असते. त्यात लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी आणि रंगाचे हात यांचा उल्लेख असतो. खांब जमिनीत किती खोल जाणार, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यात नसते आणि तो प्रश्न विचारलाही जात नाही.

उंच कोठाराचे भवितव्य मात्र याच न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. वळवाच्या पहिल्या वादळात छप्पर उडते, वैरण भिजते आणि जनावरे उघड्यावर येतात. कर्जाचा हप्ता मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून खांबांवर उभारलेल्या उंच कोठाराचा विचार शेतकरी ग्राहकाने आणि बँकेच्या अधिकाऱ्याने, दोघांनीही, छपरापासून खाली न करता खड्ड्यापासून वर करावयास हवा.

अमेरिकेतील कल्पना, डेहराडूनचा हातभार

अमेरिकेत ज्याला 'पोल बार्न' म्हणतात तो कोठाराचा प्रकार १९३० च्या दशकात आकारास आला. त्यापूर्वीची तेथील कोठारे दगडी पायावर, जाडजूड तुळया एकमेकींत खाचांनी गुंफून उभी केली जात. त्या कामास कसबी सुतार लागत, भरपूर लाकूड लागे आणि सांगाडा उभा करण्यासाठी शेजारपाजारचे सारे गाव गोळा करावे लागे. मंदीच्या काळात हा खर्च झेपेनासा झाला. सेंट लुईस येथे शेतजमिनींच्या व्यवस्थापनाचा व्यवसाय करणारे हॉवर्ड डोन आणि त्यांचे सहकारी बर्नन पर्किन्स यांना आधुनिक पोल बार्नच्या रचनेचे श्रेय दिले जाते. तारांचे खांब रोवतात तसे गोल लाकडी खांब थेट जमिनीत रोवावयाचे, त्यांना आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या, वर कैच्या चढवावयाच्या आणि पत्रा घालावयाचा, असे हे साधे तंत्र. पाया आणि स्तंभ ही दोन्ही कामे एकच खांब करू लागला. दगडी पायाचा खर्च वाचला आणि थोड्या माणसांच्या बळावर मोठी वास्तू उभी राहू लागली.

या तंत्राचा कच्चा दुवा एकच होता. जमिनीत गाडलेले लाकूड कुजते. त्यावरील उपायाचा एक महत्त्वाचा धागा भारतापर्यंत येतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण लाकडात मुरवून ते टिकाऊ करण्याची पद्धत शोधून काढली. क्रिओसोटसारख्या तैलद्रव्यांच्या जोडीने ही पद्धत जगभर पसरली आणि खांबांवरच्या बांधकामास दीर्घायुष्य लाभले. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे लाकूड पुरविणे थांबविले. शेतीतील खांबांसाठी त्याचा उपयोग चालू राहिला, परंतु त्याच्याबरोबर काही पथ्ये आली. असे लाकूड गव्हाणीला वापरू नये, त्याचे तुकडे चुलीत घालू नयेत आणि त्याची राख शेतात टाकू नये.

उंची कशासाठी?

उंच कोठाराचे आकर्षण नाकारण्याचे कारण नाही. वैरण रचून ठेवण्यास उंची लागते, भरलेली ट्रॉली आत आणावयाची तर ती लागते, आणि पत्र्याखाली तापलेली हवा वर राहून जनावरांना खाली गारवा मिळावा यासाठीही ती उपयोगी पडते. तथापि ही उंची किती, याचे उत्तर शेजारच्या शेडकडे पाहून ठरविता येत नाही. आपली ट्रॉली भरून उभी करावी, टेपने मोजावी, त्यात दोन फूट मोकळी जागा मिळवावी. एवढा साधा हिशेब नियोजनाच्या पहिल्या दिवशी व्हावयास हवा. त्याहून अधिक मिळविलेल्या प्रत्येक फुटाची किंमत मोजावी लागते.

ही किंमत केवळ साहित्याची नसते. तिरपा पाऊस पंचेचाळीस अंशांत येत असेल, तर बाजू उघडी असलेल्या १६ फूट उंच शेडमध्ये तो जवळजवळ १६ फूट आत पोहोचतो. म्हणजे ४० फूट रुंदीच्या कोठाराचा बराचसा भाग नावापुरता छपराखाली राहतो. दुसरी किंमत माणसाची आहे. उंचावर रचलेल्या गठ्ठ्यांवरून किंवा शिडीवरून घसरण्याचा धोका उंचीबरोबर वाढतो. तिसरी आणि सर्वांत मोठी किंमत वाऱ्याची.

वाऱ्याचा हिशेब

वारा उंचीवर दुहेरी कर लावतो. भिंतीची उंची दीडपट केली की वाऱ्याला अडविणारे क्षेत्र दीडपट होते. शिवाय तो जोर जमिनीपासून दीडपट उंचीवरून काम करतो. परिणामी खांब उलथविणारा जोर दीडपट न होता सव्वादोनपट होतो. जमिनीपासून वर जावे तसा वाऱ्याचा वेगही वाढतो, ही बाब निराळीच. १२ फुटांच्या शेडला पुरलेला खांब आणि खड्डा १८ फुटांच्या शेडला पुरेल, हे गृहीतक म्हणूनच घातक ठरते.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्यानुसार नकाशा दिलेला आहे. त्याची सुधारित आवृत्ती २०१५ सालची आहे. त्यात सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर असे मूळ वेगाचे सहा पट्टे आहेत. बंगळुरू ३३ च्या पट्ट्यात येते. पुणे, नाशिक आणि अहमदाबाद ३९ च्या. मुंबई, नागपूर आणि हैदराबाद ४४ च्या. दिल्ली आणि जयपूर ४७ च्या. चेन्नई, कोलकाता आणि भुवनेश्वर ५० च्या, तर आगरतळा ५५ च्या. ३९ मीटर म्हणजे तासाला १४० किलोमीटर आणि ५० मीटर म्हणजे १८० किलोमीटर. वेगाच्या या आकड्यांपेक्षा दाबाचे आकडे अधिक बोलके आहेत, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३९ च्या वेगाला एका चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोग्रॅम, तर ५० च्या वेगाला सुमारे १५३ किलोग्रॅम इतका दाब येतो. नाशिकजवळ टिकलेला आराखडा भुवनेश्वरजवळ जसाच्या तसा उभारणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता ४० फूट रुंद व ६० फूट लांब अशा शेडचे उदाहरण घ्यावे. त्याच्या छपराचे क्षेत्र सुमारे २२३ चौरस मीटर भरते. बाजू उघड्या असतील तर वारा आतून छपराला वर ढकलतो आणि बाहेरून वर ओढतो. छपराचा उतार, उघडी बाजू आणि आसपासची झाडे यांनुसार खरा आकडा बदलतो; पण ठोकळमानाने ३९ च्या पट्ट्यातील पूर्ण दाब धरला, तर हे छप्पर उचलणारा जोर २० टनांच्या घरात जातो. पत्रे, कैच्या आणि रिपा यांचे वजन फार तर चार-पाच टन. दर १० फुटांवर खांब धरल्यास दोन्ही बाजूंचे मिळून १४ खांब होतात. वजन वजा जाता प्रत्येक खांबाच्या वाट्याला टनाहून अधिक ओढ येते, आणि तीही वरच्या दिशेने. शेड वजनाने खाली बसेल ही चिंता सर्वांना असते. ते वर उचलले जाईल ही चिंता मात्र फार थोड्यांना असते. वादळात मुळा उपटावा तसा खांब उपटून येतो, याचे कारण हेच.

३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेले फनी आणि १७ मे २०२१ रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर आलेले तौक्ते ही चक्रीवादळे मे महिन्यातली. बंगालमधील कालबैसाखी आणि दख्खनमधील वळीव हेही याच सुमाराचे. रब्बीची मळणी उरकून कोठार भरलेले असते, नेमका तोच हा काळ. वास्तूची कसोटी आणि तिच्यातील मालाचे मोल, दोन्ही एकाच महिन्यात शिखरावर असतात.

जमिनीखालचे काम

जुन्या वाड्यांतील लाकडी खांब जमिनीत शिरत नसे. तो दगडी तळखड्यावर उभा राही. त्यामुळे त्याला ओल लागत नसे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिके. वाऱ्यापासून त्याचे रक्षण त्याच्या स्वतःच्या बळावर होत नसे, तर जाड भिंती, माडीचे वजन आणि जड छप्पर यांच्यामुळे होई. पोल बार्नची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे भिंत नाही, वजन नाही. सारी मदार रोवलेल्या खांबावर. दोन्ही पद्धतींतील सोयीचे तेवढे उचलून हलके छप्पर तळखड्यासारख्या ठोकळ्यावर टेकवून ठेवले, तर टिकाऊपणा मिळतो पण पकड नाहीशी होते. आज अनेक ठिकाणी लोखंडी पाइपला लहानशी पट्टी जोडून ती उथळ काँक्रीटवर चार बोल्टनी बसविली जाते. तिच्यातही हाच दोष आहे. अशा जोडाला उलथण्याचा जोर पेलवत नाही. तो पेलण्यासाठी खांबांमध्ये तिरपे ताण द्यावे लागतात, आणि ट्रॉलीच्या वाटेत येतात म्हणून नेमके तेच गाळले जातात.

अमेरिकेत खांब साधारणपणे चार फूट किंवा त्याहून अधिक खोल रोवतात. कडक थंडीच्या प्रदेशात जमीन गोठण्याच्या पातळीखाली जावे लागते. आपल्याकडे गोठणाऱ्या जमिनीचा प्रश्न थोड्याच प्रदेशांत आहे, परंतु काळ्या मातीचा प्रश्न फार मोठ्या भूभागावर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया वर-खाली हलवीत राहते. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या पायाखांबांचे तंत्र विकसित केले. खोल काळ्या मातीत हा पायाखांब साधारणपणे साडेतीन मीटरपर्यंत नेला जातो. तळाचा फुगवटा मातीत अडकून राहतो, त्यामुळे वरच्या दिशेने येणारी ओढही तो पेलतो.

लाकडाचा खांब कुजतो तो तळाशी नव्हे, तर जमिनीच्या पृष्ठभागालगतच्या काही इंचांत. खोलवर ओल असली तरी हवा कमी असते. वर हवा असली तरी लाकूड वाळते. हवा आणि ओल दोन्ही एकत्र सापडतात त्या सीमेवर बुरशी लागते. लोखंडी पाइपही तेथेच गंजतो. म्हणून खड्डा भरताना काँक्रीट जमिनीच्या थोडे वर आणून त्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, छपराच्या वळचणीचे पाणी खांबाच्या मुळाशी पडू देऊ नये आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हा भाग उकरून पाहावा. या तिन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. लक्ष मात्र लागते. खांबाच्या पायथ्याशी आडवी सळई किंवा लाकडी खुंटी घालून ती काँक्रीटमध्ये गुंतविली की उपटण्याचा धोका पुष्कळ घटतो. हा खर्च संपूर्ण बांधकामाच्या तुलनेत नगण्य असतो, परंतु खड्डा बुजला की तो कितीही पैसा ओतून सहजी करता येत नाही.

परंपरागत आकाराचे अर्थशास्त्र

मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत्या पडव्या, हा कोठाराचा परंपरागत आकार. तो केवळ देखणा म्हणून रूढ झालेला नाही. मधल्या उंचीत वैरण आणि वाहन सामावते. पडव्यांमुळे बाहेरची वळचण खाली येते, तिरपा पाऊस अडतो आणि पडवीखाली जनावरे व अवजारे यांची सोय होते. मुख्य म्हणजे हा आकार टप्प्याटप्प्याने बांधता येतो. पहिल्या वर्षी मधला गाळा उभारावा, दोन हंगामांनंतर एका बाजूची पडवी, पुढे दुसरी. एकदाच मोठे कर्ज काढून अवाढव्य शेड उभारण्यापेक्षा, उत्पन्नाच्या गतीने वाढणारी वास्तू कुटुंबाच्या अर्थकारणाला अधिक मानवते. मात्र भविष्यातील पडवीचा भार मधल्या खांबांवर येणार, हे पहिल्याच आराखड्यात धरलेले असावे लागते.

ईशान्येकडील अनेक गावांत धान्याची कोठारे वस्तीपासून दूर, उंच खांबांवर बांधतात. घराला आग लागली तर वर्षाचे अन्न वाचावे, हा त्यामागील विचार. कित्येक ठिकाणी खांबाच्या वरच्या टोकाला लाकडी चकती बसवितात, जेणेकरून उंदराला वर चढता येऊ नये. गोठा, वैरण, डिझेलची टाकी आणि विजेचा पंप एकाच छपराखाली आणणाऱ्या आजच्या शेडने हा धडा घ्यावा. पुरती न वाळलेली वैरण दाबून रचली की ती आतून तापते आणि क्वचित आपोआप पेटतेही; म्हणूनच तिच्यातील ओलावा साधारण २० टक्क्यांखाली आल्याशिवाय ती गठ्ठ्यांत बांधून रचू नये असे सांगितले जाते. उंच कोठारात उंच थर लागतो आणि त्याबरोबर हा धोकाही वाढतो.

कर्ज, टप्पे आणि पाहणी

बांधकामाचे कर्ज टप्प्याटप्प्याने वितरित करण्याची प्रथा योग्यच आहे. तथापि हे टप्पे बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रगतीवर ठरतात. खांब उभे राहिले, पहिला टप्पा. कैच्या चढल्या, दुसरा. पत्रा पडला, शेवटचा. अधिकारी स्थळपाहणीस जातो तेव्हा खड्डे बुजलेले असतात. ज्या भागावर कर्जाची खरी सुरक्षितता अवलंबून आहे, तो भाग बँकेच्या एकाही कागदात नोंदला जात नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण कृषी कर्जाची मर्यादा १.६ लाखांवरून २ लाख रुपये केली. तारण नसलेल्या कर्जात तर वास्तू टिकणे आणि उत्पन्न चालू राहणे हीच परतफेडीची हमी असते.

म्हणून पहिली पाहणी खड्डे उघडे असताना व्हावी, आणि पहिला टप्पा त्यानंतरच मोकळा व्हावा. प्रत्येक वेळी अधिकाऱ्याने जाणे शक्य नसेल, तर उघड्या खड्ड्यात टेप धरून काढलेले छायाचित्र प्रकरणासोबत जोडण्याची अट घालता येईल. अंदाजपत्रकासोबत एक उभा छेद दर्शविणारा नकाशा मागावा. त्यात खांबाची जाडी, खड्ड्याची खोली, मातीचा प्रकार आणि वाऱ्याचा पट्टा या चार नोंदी असाव्यात. विमापत्रात आगीबरोबर वादळ व पूर यांचे संरक्षण आहे काय, आणि वास्तूखेरीज आत साठविलेल्या मालाची नोंद आहे काय, हे ग्राहकाला वाचून दाखवावे. हप्त्यांची तारीख मळणी आणि विक्री यांच्या वेळापत्रकाशी जुळवावी.

२०२० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत साठवणुकीच्या पात्र प्रकल्पांसाठी २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर वार्षिक ३ टक्के व्याजसवलत, कमाल ७ वर्षांपर्यंत, अशी तरतूद करण्यात आली. आपले बांधकाम अशा योजनेत बसते काय आणि तिची मुदत कोणती, याची चौकशी शाखेत अवश्य करावी. परंतु व्याजातील सवलत खड्ड्याची खोली वाढवीत नाही. स्वस्त कर्जाच्या मोहाने गरजेपेक्षा मोठे छप्पर घेतले गेले, तर सवलतीचा लाभ पहिल्याच वादळात वाहून जातो.

आक्षेप आणि उत्तर

या सूचनांवर आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. लहान शेतकऱ्याला अभियंता परवडत नाही, हा पहिला. शाखेत मनुष्यबळ अपुरे आहे आणि बँक अधिकारी हा स्थापत्यतज्ज्ञ नाही, हा दुसरा. अटी वाढल्या की ग्राहक खाजगी सावकाराकडे वळेल, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, प्रत्येक शेडसाठी निराळा अभियंता लागत नाही. एका वाऱ्याच्या पट्ट्यासाठी, एका प्रकारच्या मातीसाठी दोन-तीन मापांचे नमुना आराखडे एकदाच तज्ज्ञांकडून तयार करून घेतले, तर परिसरातील शेकडो ग्राहकांना ते विनाखर्च देता येतील. बँकांच्या कृषी विभागांनी हे काम अंगावर घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर त्याहून सोपे आहे. अधिकाऱ्याने आराखड्याचे गणित तपासण्याची अपेक्षा नाही. नकाशात लिहिलेली खोली आणि टेपवर दिसणारी खोली एकच आहे काय, एवढेच पाहावयाचे आहे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो माणुसकीचा आहे. परंतु बुडालेल्या शेडचे हप्ते फेडण्यासाठीच अनेकदा सावकाराची पायरी चढावी लागते, हेही विसरता येणार नाही. खड्ड्याची अट ही ग्राहकाच्या वाटेतील आडकाठी नसून त्याच्या बाजूने विचारलेला प्रश्न आहे, हे त्याला नीट समजावून सांगितले तर तो ती नाकारील असे वाटत नाही.

कोठार हे उत्पन्न निर्माण करीत नाही. ते नुकसान टाळते. भाव पडलेला असताना माल विकण्याची वेळ येऊ नये, भर उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागू नये, यासाठी ते उभे करावयाचे. अशा वास्तूवरील कर्ज टळलेल्या तोट्यातून फेडले जाते, आणि ज्या दिवशी वास्तूच कोसळते त्या दिवशी परतफेडीचा मार्गही बंद होतो. कोठार किती उंच असावे हे शेतकऱ्याने आपल्या गरजेनुसार खुशाल ठरवावे. ती उंची पेलण्याइतका खड्डा खोल आहे की नाही, हे मात्र माती ढकलण्यापूर्वी त्याने आणि बँकेने मिळून पाहावे.